हिवाळ्यात स्पोर्ट्स कार उभी ठेवताना: घरच्या गॅरेजमध्ये करायची सगळी कामं

गाडी हिवाळाभर उभी ठेवायची म्हटलं की सगळे आधी थंडीचंच विचारतात. उणे पंधरा अंशांत इंजिनाचं काय होईल, रंग तडकेल का, रबर फाटेल का? कूलंट बरोबर असेल तर नुसत्या थंडीने इंजिनाचं बिघडत नाही, पत्र्याचं तर मुळीच नाही. गाडीला आतून पोखरते ती ओल. जुन्या ऑइलमध्ये मुरलेलं पाणी, ब्रेक ऑइलने हवेतून ओढून घेतलेलं पाणी, कार्पेटखालच्या फोममध्ये साठलेलं पाणी, फरशीतून वर येणारा दमटपणा. खाली सांगितलेली कामं वरवर वेगवेगळी दिसतील, पण बहुतेक कामांत आपण एकच गोष्ट करतो: गाडीतलं पाणी बाहेर काढतो आणि नवं आत शिरू देत नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की कुठलं काम पुढे ढकललं तरी चालेल आणि कुठलं अजिबात चालणार नाही, हे आपलं आपल्याला कळायला लागतं.

माझी गाडी जुनी, दोन सीटची, कापडी टपाची. दर वर्षी साधारण चार महिने ती उभी असते. तिची सगळी कामं मी एक चांगला जॅक, चार घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आणि नेहमीच्या पान्यांवर करते. लिफ्ट लागत नाही. सलग दोन दिवस मात्र लागतात, आणि घाई नको.

आधी ठरवा: चालवायची की उभी करायची

दोन्ही निर्णय ठीक आहेत, अधलंमधलं काही ठीक नाही. हिवाळ्यात गाडी चालवायची असेल तर विंटर टायर घाला, पोटाखाली गंजरोधक मेणाचा थर द्या, दर आठवड्याला खालून धुवा आणि खुशाल चालवा. उभी करायची असेल तर बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायच्या आत करा. मिठाच्या रस्त्यावरून दोनदा फिरवून, न धुता, उबदार गॅरेजमध्ये लावलेली गाडी सगळ्यात जास्त गंजते. गोठणबिंदूच्या खाली गंजण्याची क्रिया मंदावते. मिठाने माखलेली गाडी उबेत आणली की तीच क्रिया जोमाने सुरू होते, आणि गाडी उभी असल्यामुळे तो ओला थर तिथेच राहतो. बर्फ वितळवायला साध्या मिठाखेरीज कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावही फवारतात. हे दोन्ही क्षार हवेतलं पाणी शोषून घेतात, त्यामुळे रस्ता कोरडा दिसला तरी गाडीच्या सांध्यांत गेलेला थर ओलसरच असतो.

दुसरी खूण टायरची. समर टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होते. सकाळचा पारा सतत त्याच्या खाली राहू लागला की वेळ झाली असं समजा.

पहिला दिवस: धुणं, पेट्रोल, ऑइल, याच क्रमाने

ही तीन कामं लोक वेगवेगळ्या दिवशी करतात. एकाच दिवशी, याच क्रमाने केली तर एक काम दुसऱ्याला मदत करतं.

सकाळी गाडी धुवा. कोरडा, निदान थोडं ऊन असलेला दिवस निवडा. चाकं आणि चाकांच्या कमानी आधी, अंग नंतर. कमानीच्या आतल्या कडेला पत्रा दुमडलेला असतो. त्या घडीत बोट फिरवून बघा, मुठीएवढी माती निघते आणि ती महिनोन्‌महिने ओली राहते. पोटाखालची बाजू धुवायला बागेतला सपाट फवारा गाडीखाली सरकवा आणि पुढून मागे हळूहळू ओढत न्या. खाली निथळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबायचं. प्रेशर वॉशर वापरत असाल तर तो कापडी टप, दारांची रबरं आणि चाकांच्या बेअरिंगपासून लांब ठेवा.

मग गाडी बाहेर काढा आणि चांगली अर्धा तास चालवा. ब्रेक, सायलेन्सर, पोटाखालचे कोपरे या फेरीत सुकतात. हाताने पुसून ते कधीच सुकत नाहीत. वाटेत पेट्रोल पंपावर टाकी भरा. भरण्याआधी पेट्रोल स्टॅबिलायझरची (पडून राहिलेलं पेट्रोल खराब होऊ न देणाऱ्या द्रवाची) बाटलीवर लिहिलेली मात्रा टाकीत ओता, म्हणजे वरून पडणारं पेट्रोल ते ढवळून टाकेल, आणि घरी येईपर्यंत मिश्रण इंजेक्टरपर्यंत पोहोचेल. टाकी भरून ठेवायचं कारणही ओलच: रिकाम्या जागेतली हवा गार झाली की टाकीच्या भिंतींवर दव धरतं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. नेमकं तिथूनच पंप पेट्रोल उचलतो. पंपाची पिचकारी आपोआप बंद झाली की थांबा, वर ठासून भरू नका, नाहीतर बाष्प शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरतं. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या वाट्या) रिकामे करून ठेवावेत, कारण तिथलं थोडंसं पेट्रोल उडून जातं आणि मागे जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रांत, चिकट राळ उरते.

घरी पोहोचल्यावर इंजिन तापलेलं आहे, ऑइल पातळ झालंय, म्हणजे ते बदलायला यापेक्षा चांगली वेळ नाही. खूप जण म्हणतात, ऑइल वसंतातच बदलू, नवं ऑइल उगाच चार महिने का पडून राहावं? पण चालवून जुन्या झालेल्या ऑइलमध्ये न जळलेलं पेट्रोल, पाणी आणि जळणातून तयार झालेली आम्लं असतात. ती चार महिने बेअरिंगच्या पृष्ठभागावर बसून राहावीत असं मला वाटत नाही. नव्या ऑइलचं पडून पडून काही बिघडत नाही.

गाडी सपाट जागी घ्या, जॅकने उचला आणि घोड्यांवर टेकवा. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्या खाली हातसुद्धा घालू नका. जॅकचं तेल कधी गळेल सांगता येत नाही. घोड्या नेमक्या कुठे लावायच्या ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. स्पोर्ट्स कारच्या कडेची खालची पट्टी अनेकदा पातळ असते, चुकीच्या जागी जॅक लावला की ती कायमची चेपते. ड्रेन बोल्ट सैल करा, पंधरा मिनिटं निथळू द्या. नवा फिल्टर लावण्याआधी जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबर निघालीय का, हे डोळ्यांनी बघा. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर इंजिन सुरू होताच सगळं ऑइल जमिनीवर येतं. नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावा, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग साधारण पाऊण फेरा आवळा. त्यासाठी पाना नको. ड्रेन बोल्टचा वायसर नवाच घाला. ऑइल भरून इंजिन एक-दोन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, पाच मिनिटांनी ऑइलची पातळी दाखवणारी काडी (डिपस्टिक) बघा. जुन्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ सारख्या ड्राय सम्प (ऑइल इंजिनाबाहेरच्या वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) गाड्यांत पातळी बघायची पद्धत उलटी: इंजिन गरम आणि चालू असतानाच काडी बघायची. थंड इंजिनावर काडी कोरडी दिसली म्हणून ऑइल ओतलं तर ते जास्त होतं.

काढलेलं ऑइल डब्यात भरून ते घेणाऱ्या केंद्रावर द्या. गटारात किंवा मातीत कधीच नाही.

पाणी जायच्या वाटा

सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं असं मला विचाराल तर मी हे सांगेन, आणि चेकलिस्टमध्ये नेमकं हेच कुठे नसतं.

प्रत्येक गाडीत पावसाचं पाणी वाहून न्यायला मुद्दाम वाटा केलेल्या असतात. वायपरखालच्या जाळीतून, दारांच्या तळाशी असलेल्या भोकांतून, सनरूफच्या चार कोपऱ्यांतून. कापडी टपाच्या गाड्यांत टपाच्या मागच्या कडेला एक पन्हळ असते. माझदा एमएक्स-५ मध्ये तिचं पाणी दोन्ही सीटच्या मागून नळीने खाली उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. ही नळी पानांनी, धुळीने, टपाच्या कापडाच्या तंतूंनी बुजली की पाणी दारांखालच्या पोकळ सिलमध्ये किंवा केबिनमध्ये शिरतं. मग सिल आतून गंजते. बाहेर रंगाला पहिला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा गेलेला असतो.

माझ्या गाडीत हे पहिल्याच हिवाळ्यात झालं. मी टप धुतला, पुसला, कव्हर घातलं. वसंतात दार उघडलं तर भिजलेल्या गोणपाटासारखा वास. कार्पेट वरून कोरडं होतं. उचलून खालच्या फोमवर तळहात दाबला तर बोटांच्या मधून थंडगार पाणी वर आलं. नायलॉनची जाड दोरी घेऊन उजवीकडची नळी वरून हळूहळू टोचली. वीतभर आत गेल्यावर दोरी अडकली, मग काहीतरी मऊ सरकल्यासारखं झालं, गुळगुळ आवाज आला आणि चाकापाशी काळ्या चिखलाची, अंगठ्याएवढी गोळी जमिनीवर पडली. तिच्या मागोमाग तपकिरी पाणी किती तरी वेळ येत राहिलं. सीट काढून फोम सुकवायला तीन आठवडे गेले.

म्हणून आता काहीही करण्याआधी मी प्रत्येक वाट तपासते. वाटीभर पाणी वरून ओता आणि कोणाला तरी खाली बघायला बसवा. काही सेकंदांत पाणी खाली दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी किंवा मऊ टोकाची लवचिक सळई वापरा. लोखंडी तार नको, ती नळीला भोक पाडते. दाबाची हवासुद्धा जपूनच, नळी आतल्या आत सांध्यातून निसटू शकते. वायपरखालची जाळी उचलता येत असेल तर उचला, खालची कुजलेली पानं हाताने काढा. दारांच्या तळाची भोकं दात कोरायच्या काडीने मोकळी करा. मग कार्पेटच्या चारही कोपऱ्यांत हात घालून फोम दाबून बघा. नुसता वरून हात फिरवून काही कळत नाही.

ब्रेक ऑइल आणि हँडब्रेक

ब्रेक ऑइल म्हणजे हवेतलं पाणी ओढणारा द्रव. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उकळबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, आणि पाणी मुरल्यावर तोच मानकाप्रमाणे १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात जोरात उतरताना हा फरक पायाला कळतो. पण उभ्या गाडीत धोका निराळा आहे: तेच पाणी कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनला आणि सिलेंडरला आतून गंजवतं. म्हणून दोन वर्षांनी एकदा, आणि ते शक्यतो हिवाळ्याच्या तोंडावर, ऑइल बदला. हायड्रॉलिक क्लचचं बहुतेक हेच ऑइल असतं, ते विसरू नका.

ब्लीड करायला, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायला, दोन माणसं लागतात. माझा धाकटा भाऊ पेडलवर बसतो, मी चाकापाशी. पारदर्शक नळीचं एक टोक निपलवर (कॅलिपरवरच्या ऑइल सोडायच्या छोट्या स्क्रूवर), दुसरं बरणीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. "दाब." तो दाबून धरतो, मी निपल पाव फेरा सैल करते, काळपट ऑइल नळीतून येतं, निपल आवळते. "सोड." निपल आवळल्याशिवाय "सोड" म्हणायचं नाही, नाहीतर हवा आत ओढली जाते. "ताई, पेडल अजून मऊ लागतंय," असं तो म्हणाला की अजून बुडबुडे आहेत असं समजायचं आणि पुन्हा करायचं. नळीत नव्या ऑइलचा मधासारखा फिका रंग दिसला की ते चाक झालं. चाकांचा क्रम पुस्तिकेतून घ्या, बहुतेक गाड्यांत मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी असतं. वरच्या डब्यातली पातळी सतत बघत राहा. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ब्रेक ऑइल रंग खातं. आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ते डॉट ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नका.

चाकं काढलेलीच आहेत तर कॅलिपरच्या सरकत्या पिना बाहेर काढून पुसा आणि त्यांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. हात लावल्यावर पिन सहज सरकली पाहिजे.

गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका. पॅड डिस्कला चिकटून बसतात, केबलही तशीच अडकते. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा.

कूलंट

थंडीला खरंच घाबरायचं असेल तर ते इथे. इंजिनात नुसतं पाणी किंवा फार पातळ झालेलं कूलंट असेल तर ते गोठताना फुगतं आणि ब्लॉक फुटू शकतो. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. इथे एक चूक नेहमी होते: जास्त संरक्षण म्हणून लोक शुद्ध ग्लायकॉलच ओततात. पण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं! त्याला पाण्याची जोड हवीच. रिफ्रॅक्टोमीटरच्या (मिश्रण किती थंडीपर्यंत टिकेल ते दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाच्या) काचेवर एक थेंब ठेवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. भर घालायची असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा, आणि कूलंटचा प्रकार रंगावरून ठरवू नका, पुस्तिकेत लिहिलेलाच घ्या. टोपी थंड इंजिनावरच उघडा. सांडलं तर लगेच पुसा, ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांचा जीव घेतं.

काच धुवायच्या टाकीत साधं पाणी असेल तर तेही काढून न गोठणारा द्राव भरा, आणि नळ्यांतून येईपर्यंत फवारा.

बॅटरी

पूर्ण चार्ज असलेली लेड-अॅसिड बॅटरी सुमारे उणे ६० अंशांपर्यंत गोठत नाही. तीच उतरलेली असेल तर उणे दहाच्याही आधी गोठू शकते. कारण सोपं आहे: बॅटरी उतरते तेव्हा आतलं आम्ल प्लेट्सवर जातं आणि मागे जवळपास पाणीच उरतं. म्हणून भरलेली ठेवणं हाच तिचा हिवाळी बंदोबस्त.

बंद गाडीतसुद्धा घड्याळ, अलार्म, कंप्युटर थोडी वीज खातात. समजा ५० मिलीअॅम्पिअर. महिन्याचे ७२० तास धरले तर ३६ अॅम्पिअर-अवर झाले. छोट्या स्पोर्ट्स कारची बॅटरी अनेकदा ४०-५० अॅम्पिअर-अवरचीच असते. म्हणजे दोन महिनेही जाणार नाहीत. आपोआप चालू-बंद होणारा बॅटरी मेंटेनर लावा आणि विसरून जा. साधा जुना चार्जर सतत लावून ठेवू नका. बॅटरी एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली) असेल तर मेंटेनरवर ती सोय निवडा, लिथियम असेल तर तिच्यासाठीचाच मेंटेनर घ्या आणि शून्याखाली तिला चार्ज करू नका. गॅरेजमध्ये वीज नसेल तर बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवा, महिन्याने व्होल्टमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर उत्तम, १२.४ पर्यंत आली की चार्ज करा. काढताना ऋण टोक आधी, जोडताना ऋण टोक शेवटी.

एक सापळा सांगून ठेवते. काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा पुढच्या सामानाच्या कप्प्यात असते आणि त्या झाकणाचं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी सोडवून झाकण लावलं की ते उघडायला वीजच नाही! झाकण नुसतं टेकवून ठेवा, कुलूप बसू देऊ नका. डिकीतल्या बॅटरीला वायू बाहेर नेणारी बारीक नळी असते, ती परत जागेवर लावायची आठवण ठेवा.

टायर

पुस्तिकेतल्या दाबापेक्षा अर्धा बारभर हवा जास्त भरा, मात्र टायरच्या कडेला छापलेल्या कमाल दाबापलीकडे जाऊ नका. एकाच जागी दबून टायर चपटा होतो त्यावर एवढा उपाय पुरतो. महिन्यातून एकदा गाडी हाताने ढकलून चाक अर्धा फेरा फिरवलं की आणखी बरं. काही जण चारही चाकं अधांतरी ठेवून गाडी घोड्यांवर ठेवतात. मला ते पटत नाही: सस्पेन्शन महिनोन्‌महिने लोंबकळतं, सांध्यांतले रबरी बुश पिळलेले राहतात. कडक थंडीत समर टायरवर गाडी हलवूही नका, गोठलेल्या रबराला चिरा पडू शकतात.

खाली वाकलेलेच आहात तर टायरच्या कडेचे चार आकडे वाचा. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. थोडं चालणाऱ्या गाडीचे टायर नक्षी झिजण्याआधी वयानेच कडक होतात.

गॅरेज आणि कव्हर

फरशी ओल सोडते का, हे बघायला अर्धा मीटर चौकोनी प्लॅस्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली थेंब किंवा काळा डाग दिसला तर फरशीतून ओल येतेय. मग गाडीखाली जाड प्लॅस्टिक अंथरा आणि त्यावर प्लायवूड किंवा रबरी मॅट टाका.

एक साधा आर्द्रतामापक भिंतीवर लावा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की पोलाद झपाट्याने गंजायला लागतं, म्हणून काटा ५० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. ओल काढायचं यंत्र घेताना एक बघा: फ्रीजसारखं, कॉम्प्रेसरवर चालणारं यंत्र थंड गॅरेजमध्ये बर्फ धरतं आणि काम करेनासं होतं. थंडीत शोषक पदार्थावर चालणारं यंत्र लागतं.

कव्हर श्वास घेणारंच हवं, म्हणजे आतली ओल बाहेर जाऊ देणारं. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली गाडी घामेजते. धूळ असलेल्या गाडीवर कव्हर घालणं म्हणजे रंगावर पॉलिश पेपर फिरवणं. गाडी बाहेर उघड्यावर ठेवायची असेल तर सैल, वाऱ्यावर फडफडणारं कव्हर घालण्यापेक्षा न घातलेलं बरं.

टप बंद, ताणलेला आणि पूर्ण कोरडा असावा. दुमडून ठेवला तर कापड आकसतं आणि घडीत बुरशी धरते. मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर थंडीत टप दुमडूच नका, ती तडकते. दारांच्या रबरांना सिलिकॉन किंवा ग्लिसरिनचं बोट फिरवा.

उंदरांचं विसरू नका. सीटखाली बिस्किटाचा तुकडासुद्धा ठेवू नका. सायलेन्सरचं तोंड आणि एअर फिल्टरकडे जाणारी नळी तांब्याच्या किंवा स्टेनलेस जाळीच्या बोळ्याने बंद करा. साधी लोखंडी लोकर गंजते. मग एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: "बोळे २, हँडब्रेक नाही, गिअर १, टायर दाब जास्त", आणि तो स्टिअरिंगला बांधा. चार महिन्यांनी यातलं काही आठवत नाही.

मधल्या महिन्यांत

गाडी दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करण्याची सवय मोडा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत काहीच तापत नाही, त्यामुळे ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरतं. वर सांगितलेली सगळी मेहनत अशी पाच-पाच मिनिटांनी वाया जाते. शिवाय बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सुरू करायचीच तर रस्ता कोरडा आणि बिनमिठाचा असलेल्या दिवशी, निदान अर्धा-पाऊण तास चालवण्यासाठी करा. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नसतं, त्याला बराच जास्त वेळ लागतो.

त्यापेक्षा या महिन्यांत बसून करायची कामं करा. रंगाचे टवके भरा, चाकं आतून घासून वॅक्स लावा, अॅक्सलच्या रबरी टोप्यांना चिरा आहेत का बघा.

पुन्हा बाहेर काढताना

बर्फ गेला म्हणून लगेच गाडी काढू नका. एक-दोन जोरदार पाऊस पडून रस्त्यावरचं मीठ धुऊन जाऊ दे. मग स्टिअरिंगवरचा पुठ्ठा वाचत एकेक गोष्ट करा. बोळे काढा, एअर फिल्टरचा डबा उघडून आत घरटं नाही ना ते बघा, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइलची पातळी तपासा, टायरचा दाब पूर्ववत करा, चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक लागलं पाहिजे.

गॅरेजचं दार उघडून इंजिन सुरू करा, अर्धा मिनिट तसंच चालू द्या, अॅक्सिलरेटर दाबू नका. हायड्रॉलिक टॅपेटच्या (व्हॉल्व्ह हलवणारे भाग ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) इंजिनातून सुरुवातीला टिकटिक येईल, ऑइल वर चढलं की बहुधा थांबते. डिस्कवर नारिंगी गंज असेल, तो पहिल्या काही हलक्या ब्रेकमध्ये घासून जातो. एखाद्या चाकातून घरघर येत राहिली किंवा फेरीनंतर एकच चाक जास्त तापलेलं लागलं, तर त्या बाजूच्या कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकलाय.

परत आल्यावर गाडीखाली मोठा, स्वच्छ पुठ्ठा पसरा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी डाग कुठे आणि कशाचा पडलाय ते बघा. इंजिनाखाली तपकिरी, तेलकट डाग असेल तर ड्रेन बोल्ट किंवा फिल्टर. पुढच्या बाजूला रंगीत, गोडसर वासाचा असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा क्लचच्या पेडलखाली पाणीदार, बोटाला गुळगुळीत लागणारा डाग असेल तर ते ब्रेक ऑइल, आणि ते कुठून येतंय हे सापडेपर्यंत गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही.